थंडीआधी घर उबदार करायचंय: हीट पंप, गॅस बॉयलर, लाकडाची शेगडी की सुटे हीटर?

गारठा
घराची माहिती आधीच देतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको. बैठं घर, १० बाय १० मीटर, उंची २.७ मीटर. नऊ इंची विटांच्या भिंती, आतबाहेर गिलावा. वर काँक्रीटचा स्लॅब, त्यावर इन्सुलेशन काही नाही. खिडक्या सगळ्या मिळून १५ चौरस मीटर, एकेरी काच. कडाक्याच्या रात्री बाहेर उणे २ अंश, आत २० हवेत. गॅसची लाइन दारापर्यंत आलेली, विजेचा मंजूर भार १० किलोवॅट. थंडीला सहा आठवडे आहेत.
प्रश्न तीन. यंत्र किती किलोवॅटचं घ्यावं? एक विक्रेता १० म्हणतो, दुसरा २४. घ्यावं तर कुठलं? आणि रेडिएटर (भिंतीला लावायचे, आतून गरम पाणी फिरणारे पत्रे) लावावेत की फ्लोअर हीटिंग (फरशीखाली गरम पाण्याचे पाइप)?

हिशेबनीस
दोघांचेही आकडे अंदाजपंचे आहेत. घरातून उष्णता किती गळते ते कागदावर अर्ध्या तासात निघतं. प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याची यू-व्हॅल्यू, म्हणजे आतबाहेर एक अंशाचा फरक असताना त्याच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट बाहेर जातात ते. तुमच्या घराचं असं:

भिंती: ९० × २.० = १८०
खिडक्या: १५ × ५.५ = ८२
दारं: ३ × ३ = ९
छत: १०० × ३.० = ३००
जमीन: १०० × ०.६ = ६०
फटींतली हवा: २७० घनमीटर × ०.३३ (घनमीटर हवा एक अंशाने तापवायला लागणारे वॅट-तास) × तासाला एक बदल = ८९

बेरीज ७२० वॅट प्रति अंश. फरक २२ अंशांचा, म्हणजे १५.८ किलोवॅट. १० चं यंत्र आज कमी पडेल आणि २४ चं उगाच मोठं होईल. पण खरेदीला निघण्याआधी यादीतली सगळ्यात मोठी ओळ बघा. छत! एकटं छत ४० टक्क्यांहून जास्त उष्णता खातंय.

स्लॅबवर १०० मिलिमीटर एक्सपीएस (दाट, कडक फोमच्या इन्सुलेशन शीट) घातलं की यू-व्हॅल्यू ३.० वरून ०.३ वर येते आणि एकूण गळती १५.८ वरून ९.९ वर. दारंखिडक्यांच्या फटी बुजवून हवेचा बदल निम्म्यावर आणला तर ८.९. काचा दुहेरी, लो-ई थराच्या, म्हणजे उष्णता आत परतवणाऱ्या (यू १.४) केल्या तर ७.६. घर तेच, यंत्र निम्म्याहून लहान. यंत्र शेवटी ठरवायचं असतं, पण खरेदी नेमकी तिथूनच सुरू होते.

गारठा
हे डोक्यातच नव्हतं. एक्सपीएस स्लॅबच्या वर की खाली? आतून फॉल्स सीलिंगच्या मागे लावणं सोपं दिसतंय.

हिशेबनीस
वरून. आतून लावलं की स्लॅब थंड राहतो, खोलीतली दमट हवा सांध्यांतून वर जाऊन त्या गार काँक्रीटवर पाणी धरते आणि दोन हिवाळ्यांत सीलिंगमागे बुरशी येते. आतूनच करणं भाग असेल तर इन्सुलेशनच्या खोलीकडच्या बाजूला अखंड व्हेपर बॅरिअर (वाफ अडवणारा पडदा) हवा, आणि लाइटच्या प्रत्येक भोकाभोवती तो टेपने बंद केलेला हवा. हे काम नीट झालेलं क्वचित दिसतं.

वरून करायचा क्रम: स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग, ते २४ तास पाणी साठवून तपासायचं. मग ५० मिलिमीटरचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ न देता. एकच १०० चा थर घातला तर प्रत्येक सांधा वरपासून खालपर्यंत आरपार फट बनतो. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) आणि शेवटी उताराचं काँक्रीट किंवा फरशी. थर्मोकोलच्या पांढऱ्या शीट इथे नकोत, त्या पाणी पितात आणि दबतात. आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) विसरू नका. भिंत स्लॅबला भिडते त्या कडेने गळती चालूच राहते, म्हणून पॅरापेटच्या आतल्या अंगालाही निदान ३०० मिलिमीटर उंचीपर्यंत पट्टी चढवा.

फटी शोधायला वाऱ्याच्या दिवशी सगळी दारं बंद करून उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे रबर गॅस्केट. दाराखाली ब्रश पट्टी.

तारतंत्री
फटींच्या मुद्द्याला +१. आता सुट्या हीटरबद्दल, कारण या सहा आठवड्यांत बहुतेक लोक तेच आणणार आहेत.

पहिला गैरसमज: ऑइल हीटर वीज वाचवतो. नाही वाचवत. ऑइल, फॅन, सिरॅमिक, हॅलोजन, कुठलाही घ्या, एक युनिट वीज घालाल तर एक युनिटच उष्णता मिळेल. फरक फक्त ती कशी मिळते यात. हॅलोजन समोर बसलेल्या माणसाला तापवतो, हवेला फारसं नाही, म्हणून टेबलापाशी तासभर बसायला ठीक. फॅन हीटर लहान खोली दहा मिनिटांत तापवतो, आवाज करतो. ऑइल हीटर तापायला अर्धा तास घेतो पण आवाज नाही, लालभडक भाग नाही, म्हणून झोपायच्या खोलीला तोच.

दुसरी गोष्ट वायरिंग. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर, तेही तासन्‌तास सलग. ६ अँपिअरच्या सॉकेटला अडॅप्टर लावून हा हीटर चालवू नका. १६ अँपिअरचं सॉकेट, थेट बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि त्या सर्किटवर दुसरा हीटर नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेने वितळते. बिघाड बहुधा वायरीच्या मध्यात होत नाही, टोकाला होतो. सॉकेटमागचा स्क्रू ढिला झाला की तिथे रोध वाढतो, तिथेच तापतं, तापल्याने आणखी ढिला होतो. तासभर चालवून प्लग हाताला कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा पिनेजवळ तपकिरी डाग असेल तर सॉकेट बदला, नुसता प्लग बदलून भागत नाही.

१० किलोवॅट मंजूर भारावर पाच हीटर लावलेत की घरात दुसरं काहीच चालणार नाही. इथे खरं उत्तर इन्व्हर्टरचा हॉट अँड कोल्ड एसी. तो हीट पंपच असतो, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. एक युनिट विजेत, हवामानाप्रमाणे, अडीच ते चार युनिट उष्णता. घेताना कॅटलॉगातला, बाहेर ७ अंश असतानाचा आकडा बघून भुलू नका, बाहेर उणे ७ असताना किती किलोवॅट देतो ती ओळ मागा. ती ओळ कॅटलॉगात नसेल तर ते मॉडेल थंड प्रदेशासाठी नाही असं समजा.

चांदणी
एसी हीटिंगवर असताना मध्येच पंखा बंद पडतो आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ येते. गॅस कमी झालाय का?

तारतंत्री
नाही, ते डीफ्रॉस्ट. बाहेर ० ते ५ अंश आणि हवा दमट असली की बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो. तो वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं, साधारण तीन ते दहा मिनिटं. दर तासा-दीड तासाला होत असेल तर नेहमीचं. दर वीस मिनिटांनी होत असेल, किंवा डीफ्रॉस्ट झाल्यावरही कॉइलच्या खालच्या भागात बर्फाची लादी राहत असेल, तर खालच्या तबकाचं भोक तुंबलंय किंवा खरोखर गॅस कमी आहे.

पान्हेवाला
आता पाण्याच्या यंत्रणेकडे येऊ, म्हणजे बॉयलर किंवा हीट पंप पाणी तापवून घरभर फिरवतो तिच्याकडे. मालक, तुमचं सगळं गणित एका आकड्यावर आहे: रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान.

रेडिएटरवर छापलेले वॅट हे पाणी ७५ ने आत, ६५ ने बाहेर आणि खोली २० असताना मिळणारे. म्हणजे सरासरी फरक ५० अंश. हीट पंप ४५ ने पाणी पाठवतो, ४० ने परत येतं, फरक उरतो २२.५. मग रेडिएटर छापील आकड्याच्या निम्मं देईल असं वाटतं, पण देतो जेमतेम ३५ टक्के, कारण उष्णता फरकाच्या १.३ व्या घाताने घटते. हॉलला १.८ किलोवॅट हवेत तर छापील ५.१ किलोवॅटचे रेडिएटर लागतील. ५५/४५ ने चालवलंत तर ३.५ किलोवॅटचे पुरतात, पण हीट पंपाची वीज वाढते. पाठवायचं तापमान एका अंशाने वाढवलं की वापर ढोबळमानाने दोन-अडीच टक्के वाढतो.

आता पाइप, कारण पंप गारढोण निघाल्याच्या तक्रारींत दोष बऱ्याचदा पाइपाचा असतो. बॉयलर २० अंशांच्या फरकाने चालतो, हीट पंप ५ अंशांच्या. तेवढीच उष्णता न्यायला पाणी चौपट लागतं. ६ किलोवॅटला बॉयलरवर मिनिटाला ४.३ लिटर, हीट पंपावर १७. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवायचा (जास्त झाला की पाइप शिट्ट्या मारतात), तर १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपातून हीट पंपाची ३ किलोवॅट जातात, २२ मधून साडेसहा, २८ मधून ११. तुमच्या ७.६ ला मुख्य लाइन २८ चीच पाहिजे. ‘जुन्याच २२ वर जोडून देतो’ म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा. पंपावर ‘फ्लो एरर’ (पाणी पुरेसं वाहत नाही) येतो तो इथूनच.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. परतीच्या लाइनवर चुंबकाचा फिल्टर, दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह म्हणजे पाणी न काढता साफ करता येतो. सिस्टीमचं पाणी गार असताना दाब १ ते १.५ बार. तापल्यावर ३ कडे जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर एक्सपान्शन टँकमधली (तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी) हवा गेलीय. पाणी भरत राहू नका, पाणी सोडून टँकला हवा भरा. रेडिएटर वर गार, खाली गरम म्हणजे हवा अडकलीय, किल्लीने सोडा. खाली मध्यभागी गार म्हणजे गाळ.

गारठा
मग फ्लोअर हीटिंगच बरं ना? पाणी ३५ लाच पुरतं म्हणतात.

पान्हेवाला
पुरतं, पण घराची गळती आधी कमी झाली पाहिजे. जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांपुढे नेत नाहीत, पायांना त्रास होतो. २९ ची जमीन २० च्या खोलीला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १०० वॅट देते. तुमचं घर आज १५८ मागतंय. छत, फटी, काचा झाल्यावर ७६. तेव्हा जमतं, तेही कपाटांखालची जागा वजा करून तपासायचं. आणि ७६ च्या मागणीला पाणी ३५ नाही, ४० च्या आसपास लागेल. वर लाकडी फ्लोअरिंग टाकलंत तर आणखी जास्त.

माप: १६ मिलिमीटरचा पाइप, १५० मिलिमीटर अंतराने. चौरस मीटरला साधारण ६.७ मीटर. एक लूप (पाइपाचा एक अखंड वेढा) १०० मीटरच्या आत, म्हणजे १५ चौरस मीटरला एक लूप, तुमच्या घराला सात. लूपच्या मध्ये जोड नको, स्क्रीडखाली (पाइपांवर ओततात तो सिमेंटचा थर) तर अजिबात नको. पाइपाखाली इन्सुलेशन नसेल तर निम्मी मेहनत मातीत. स्क्रीड ओतण्याआधी पाइप ६ बार दाबाने भरून ठेवायचे आणि ओतताना दाब तसाच ठेवायचा, म्हणजे कुणाचा खिळा घुसला तर काटा लगेच सांगतो.

आणि इथेच तुमचं वेळापत्रक मोडतं. ७५ मिलिमीटरचं सिमेंट स्क्रीड ओतल्यावर २१ दिवस हीटिंग लावायचं नाही. मग तीन दिवस पाणी २५ अंशांवर, नंतर हळूहळू वर नेऊन चार दिवस पूर्ण तापमानाला. घाई केली की स्क्रीड तडकतं, ओलं असताना फरशी बसवली की ती सुटते. जुनी फरशी काढणं धरून सहा आठवड्यांत हे बसत नाही. यंदा विसरा.

काजळी
लाकडाच्या शेगडीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वीज गेली तरी चालते, हा तिचा खरा गुण. बाकी तोटे माहीत असावेत.

पूर्ण वाळलेल्या, २० टक्क्यांखाली ओल असलेल्या लाकडातून किलोला ४ युनिट उष्णता मिळते. चांगल्या बंद शेगडीत त्यातली तीन खोलीत येतात. संध्याकाळी पाच तास ६ किलोवॅट हवेत तर रोज १० किलो लाकूड. महिन्याला ३०० किलो, तेही पावसापासून झाकलेलं आणि बाजूंनी वारा लागेल असं रचलेलं. फोडल्यावर वर्षभर तरी वाळवायला लागतं, म्हणजे यंदाचं लाकूड गेल्या वर्षीच आणलेलं असायला हवं होतं. ओल ४० टक्के असेल तर उष्णता किलोला तीनच्याही खाली, आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी बसते. तीच पुढे पेटते. ओल मोजायचं दोन काट्यांचं मीटर मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं, बाहेरची साल नेहमी कोरडीच दाखवते. शेगडीची काच तासाभरात काळी पडत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवेचा खटका फार बंद केलाय.

धुराडं शक्य तितकं सरळ. वळणं दोनपेक्षा जास्त नकोत, तीही ४५ अंशांची. बाहेरच्या भिंतीवरून उघडा पाइप नेलात तर धूर गार होऊन आतच काजळी धरतो, तिथे दुपदरी इन्सुलेटेड पाइपच. वर्षातून एकदा तरी ब्रश, रोज वापर असेल तर दोनदा.

आणि वर फटी बुजवायचा सल्ला दिलाय तो बरोबर, पण शेगडी किंवा खोलीतलीच हवा घेणारा कुठलाही गॅस हीटर असेल तर हवेला स्वतंत्र वाट द्याच. बंद खोलीत ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपतो. शेगडी असलेल्या खोलीत अलार्म हवा: शेगडीपासून आडवं अंतर एक ते तीन मीटर, छताला लावलात तर भिंतीपासून ३०० मिलिमीटर दूर, भिंतीला लावलात तर दाराखिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच पण छतापासून १५० मिलिमीटर खाली. झोपायच्या खोलीत उशीच्या उंचीवर दुसरा. त्याच्या सेन्सरचं आयुष्य मागे छापलेलं असतं, ते संपलं की बॅटरी बदलून उपयोग नाही.

अवांतर: धुराडं नसलेले सिलिंडरचे हीटर फुकटात पाणीही देतात. एक किलो एलपीजी जळलं की १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. भिंतींवरची बुरशी मग पावसाळ्याची वाट बघत नाही.

चांदणी
बॉयलर की हीट पंप, चालवायला स्वस्त काय याचा एखादा सोपा नियम?

हिशेबनीस
आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायू म्हणजे साधारण १० युनिट, ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून ९. हीट पंप एका युनिटाचे तीन करतो. म्हणजे एक घनमीटर गॅसचा दर तीन युनिट विजेच्या दरापेक्षा कमी असेल तर बॉयलर स्वस्त, जास्त असेल तर हीट पंप. दोन्ही बिलं शेजारी ठेवा, झालं. घरात रेडिएटर मोठे असतील आणि पंप चारपट देत असेल तर तीनऐवजी सव्वादोन धरा.

बॉयलर घेतलात तर कंडेन्सिंगचाच, आणि ७० वर चालवू नका. परतीचं पाणी ५५ च्या खाली असेल तरच धुरातली वाफ द्रवरूप होऊन ती उष्णता मिळते. कारखान्यातून आलेली सेटिंग बहुधा जास्तच असते, ती ५५ वर आणा आणि घर तापतंय का बघा. २४ किलोवॅट हा आकडा विक्रेत्याने आंघोळीच्या पाण्यासाठी धरलाय. तो चालेल, पण किमान किती किलोवॅटवर उतरतो ते विचारा. २.४ पर्यंत उतरत असेल तर उत्तम. ८ च्या खाली येत नसेल तर उबदार दिवशी सारखा चालू-बंद होत राहील आणि लवकर झिजेल.

त्याचं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं ते पाणी, आम्लधर्मी असतं, तांब्याच्या पाइपात सोडू नका. प्लॅस्टिक पाइप, मीटरला ५० मिलिमीटर उतार, घराबाहेरचा भाग ३२ मिलिमीटरचा आणि कमीत कमी लांबीचा, वर इन्सुलेशन. बारीक पाइप गोठतो आणि बॉयलर नेमका सगळ्यात थंड पहाटे बंद पडतो.

गारठा
मग यंदा: छताचं एक्सपीएस, फटी, दोन हॉट अँड कोल्ड एसी (हॉल आणि मोठी खोली), बाकी दोन खोल्यांना ऑइल हीटर वेगळ्या सर्किटवर. काचा आणि हीट पंप पुढच्या वर्षी. चुकतंय का काही?

हिशेबनीस
क्रम बरोबर आहे. एक भर: यंदाच्या थंडीत तो विजेचा वापर लिहून ठेवा. कडाक्याच्या दिवशी २४ तासांत हीटर-एसीचे किती युनिट गेले आणि आत-बाहेर तापमान किती होतं. माझा कागदावरचा आकडा त्यावरून पडताळता येईल. एसीचे युनिट अडीचने गुणा, हीटरचे तसेच धरा, बेरजेला २४ ने भागा, की त्या दिवशीची सरासरी गळती किलोवॅटमध्ये मिळते.

चांदणी
रात्री सगळं बंद करावं की चालू ठेवावं?

पान्हेवाला
सुटा हीटर असेल तर खुशाल बंद. हीटिंग बंद करून गार झालेलं घर कमी गळतं, हे कुठल्याही यंत्रणेला लागू. पण पाण्यावरचा हीट पंप पूर्ण बंद केला तर पहाटे, बाहेर सगळ्यात गार असताना, त्याला धावपळ करावी लागते. पाणी गरम पाठवतो आणि आतली बॅकअप कॉइल (साध्या हीटरसारखी विजेची कॉइल) चालू होते, म्हणजे वाचवलेलं सगळं परत जातं. दोन-तीन अंश खाली आणा, पुरे. फ्लोअर हीटिंगला तर रात्रीचं बंद करणं कळतच नाही, ते तासन्‌तास उशिरा ऐकतं.

गारठा
एसीचं बाहेरचं युनिट मागच्या पॅसेजमध्ये ठेवतोय, दीड मीटर रुंद जागा, वर छज्जा. चालेल?

तारतंत्री
रुंदी चालेल, पण दोन्ही टोकं उघडी पाहिजेत. एक टोक बंद असेल तर युनिट स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढतं आणि सारखं डीफ्रॉस्ट करतं. भिंतीपासून मागे अंतर मॅन्युअलमध्ये असेल तेवढं, सहसा १०० ते ३०० मिलिमीटर. जमिनीवर थेट नको, २०० मिलिमीटरच्या स्टँडवर, खाली रबर पॅड. डीफ्रॉस्टचं पाणी थंडीच्या दिवशी कित्येक लिटर येतं, ते पॅसेजच्या फरशीवर सोडलंत तर पहाटे बर्फ होऊन कुणीतरी घसरेल. खाली खडीचा खड्डा करा, ४०० मिलिमीटर खोल. पाण्याला प्लॅस्टिकची नळी जोडू नका, तीच आधी गोठते आणि मग तबकात पाणी साचतं.